लातूर सोडून पुण्याला का जात नाही?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाची मी अनेक वर्षांची वाचक आहे. आपल्या पानांवर लातूरची बातमी ठळकपणे झळकते ती वर्षातून साधारण तीन वेळा: उन्हाळ्यात पाण्याची, मे-जूनमध्ये निकालाची आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीनच्या भावाची. या बातम्या खऱ्या असतात, त्यामुळे त्यांविषयी माझी तक्रार नाही. मात्र परगावी स्थायिक झालेल्या आमच्या नातेवाइकांना त्या वाचून वाचून असे वाटू लागले आहे, की लातूर म्हणजे रिकाम्या घागरींची रांग, शिकवणी वर्गांचे फलक आणि धान्याच्या थप्प्या. माणसाने हौसेने राहावे असे तिथे काही उरलेले नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मी निवृत्त झाले, तेव्हापासून 'आता पुण्याला का येत नाही' हा प्रश्न मला प्रत्येक लग्नकार्यात विचारला जातो आणि मांडवात उभ्या उभ्या त्याचे उत्तर देता येत नाही. ते सवडीने द्यावे आणि त्या ओघात लातूरकरांना एक विनंतीही करावी, यासाठी हा पत्रप्रपंच.

पाहुण्यांना दाखवण्यासारखे काय आहे, असे कोणी विचारले तर आम्ही लातूरकर थोडे गडबडतो. औशाचा किल्ला आणि खरोशाची लेणी शहराबाहेर आहेत, गावातून वाहणारी नदी नाही आणि उन्हाळा असा की दुपारी बारा ते चार माणसाने दार उघडू नये. राष्ट्रकूट राजे स्वतःला 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत, म्हणजे आपले मूळ या गावाचे आहे हे सांगण्यात त्यांना भूषण वाटे, यावर आमच्याकडचे वक्ते प्रत्येक समारंभात दोन मिनिटे खर्च करतात. पण रोजच्या जगण्याला त्याचा उपयोग काही नाही. सिद्धेश्वराच्या महाशिवरात्रीच्या यात्रेला आणि सुरतशाहवली दर्ग्याच्या उरुसाला सारे गाव लोटते, पण यात्रा आणि उरूस कुठल्या गावाला नसतात? माझ्या ओढीचे कारण निराळे आहे. लातूर शहर झाले, १९८२ साली जिल्ह्याचे ठिकाण झाले, २०११ साली महानगरपालिकाही झाली, तरी त्याने खेड्याशी असलेली सोयरीक मोडली नाही. इथल्या व्यापाऱ्याचा, वकिलाचा, रिक्षावाल्याचा एक पाय शेतात असतो, आणि ज्याच्याकडे गुंठाभर जमीन नाही त्याचाही चरितार्थ शेवटी कोणाच्या तरी शेतातल्या पिकावरच चालतो.

हे ज्याला डोळ्यांनी पाहायचे असेल त्याने गंजगोलाईत यावे. नगररचनाकार फय्याजुद्दीन यांनी आखलेली ही गोल, दुमजली बाजारपेठ १९१७ साली उभी राहिली. मध्यभागी जगदंबेचे मंदिर आहे आणि भोवतीच्या गोलाला सोळा रस्ते येऊन मिळतात. निजामाच्या राज्यातल्या एका बाजाराच्या गावासाठी इतका नेटका आराखडा करणाऱ्या माणसाने नक्कीच पुढचा विचार केलेला असणार, कारण आजही चारी दिशांनी आलेला खेडूत कोणालाही पत्ता न विचारता आपल्या कामाच्या गल्लीत शिरतो. कापड लाईन, भुसार लाईन, सराफा, भांड्यांची दुकाने, मिरची-मसाला, चपला: प्रत्येक मालाची आपली जागा ठरलेली आहे. गर्दी अफाट असते, गाडी लावायला जागा मिळत नाही, हातगाड्यांमधून अंग चोरून चालावे लागते, आणि गोलाईचा मूळचा देखणा घाट आता फलकांच्या आणि ताडपत्र्यांच्या मागे निम्मा झाकून गेला आहे, हे सारे मान्य आहे. तरीही पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात मी मुद्दाम तिकडे चक्कर मारते. कासरे, वेसणी, घुंगूरमाळा, झुली आणि शिंगांना लावायचा हिंगूळ यांचे ढीग मांडलेले असतात आणि त्यांच्याच शेजारी मोबाइलची कव्हरे विकणारा पोरगा बसलेला असतो. म्हातारा बाबा घुंगरांची माळ कानाशी नेऊन वाजवून पाहतो, दुकानदार तोपर्यंत दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत राहतो, त्याला घाई करत नाही. ट्रॅक्टर आल्यावर बैल कमी झाले असले तरी या दुकानांना अजून गिऱ्हाईक आहे.

कापडाच्या दुकानात शिरले की साडी दाखवण्याआधी 'कुठलं गाव?' हा प्रश्न येतो. तो नुसता शिष्टाचार नसतो. गाव कळले की दुकानदार तिथल्या पावसाची, पिकाची, कोणाच्या तरी लग्नाची चौकशी करतो आणि गावावरून गिऱ्हाइकाची ऐपत, आवड आणि बहुधा उधारी फेडण्याची वेळही ताडतो. सुगीवर हिशेब करण्याचा रिवाज आता पूर्वीसारखा राहिला नाही, पण संपलेलाही नाही. माझ्या माहेरचे, निलंगा तालुक्यातले, गाव सांगितल्यावर त्या गावातल्या चार माणसांची नावे मलाच ऐकवणारे दुकानदार मला या बाजारात भेटले आहेत. पुण्याच्या मॉलमध्ये माझे गाव कोणी विचारणार नाही. काहींना त्यातच मोकळेपणा वाटतो, मला वाटत नाही.

बाजार समितीचे आवार हे या शहराचे दुसरे हृदय. हंगामात सोयाबीनच्या आणि पुढे तुरीच्या गाड्यांची रांग लागते, हमाल पाठीवर पोती वाहत असतात, मापाडी काट्यावर उभा असतो, आडत्या मूठभर दाणे हातावर घेऊन फुंकर मारतो, एखादा दाताखाली फोडून ओलावा किती ते सांगतो, आणि आता त्याच्या जोडीला ओलावा मोजण्याचे यंत्रही आले आहे, ज्याच्यावर शेतकऱ्याचा विश्वास दातापेक्षा कमीच असतो. 'आज पोटलीत काय निघाला?', म्हणजे सौद्यात आज काय भाव निघाला, हा प्रश्न दुपारनंतर चहाच्या टपरीपासून सलूनपर्यंत कुठेही ऐकू येतो. सोयाबीनचा भाव या शहरात वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर राहत नाही. तो घसरला की त्याच आठवड्यात कापड लाईन सुनी पडते, सराफ्यात फक्त मोडायला आणलेले दागिने दिसू लागतात आणि घरभाड्याचे पैसे 'पुढच्या महिन्यात एकदम देतो' असे निरोप येतात. डाळीच्या गिरण्यांमुळे हजारो घरांत चूल पेटते. बोरसुरीची तूरडाळ, पानचिंचोलीची चिंच आणि कास्तीची कोथिंबीर या आमच्या जिल्ह्यातल्या तीन जिनसांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा आपल्या दैनिकाने ती बातमी छोट्या चौकटीत छापली होती. माझ्या मते ती पहिल्या पानाची होती. बोरसुरीच्या डाळीचे साधे वरण ज्याने गरम भातावर घेऊन खाल्ले आहे, त्याला मी पक्षपात करते आहे असे वाटणार नाही.

पाण्याविषयी लिहिले नाही तर हे पत्र खोटे ठरेल. मांजरा धरण कोरडे पडले आणि १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून कृष्णेचे पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला पोहोचली. दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्या येऊ लागल्या आणि एका खेपेला पंचवीस लाख लिटर येऊ लागले. देशभरातून कॅमेरे आले. पाणवठ्यांवर भांडणे होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली, हेही जगाने पाहिले. जगाने जे पाहिले नाही ते असे, की बार्शी लाइट रेल्वेची अरुंद लोहवाट १९११ साली लातूरला आली ती इथला माल बाहेर नेण्यासाठी. तिच्याच जागी पुढे टाकलेल्या मोठ्या रुळांवरून शंभरेक वर्षांनी या गावाला प्यायचे पाणी आले, आणि स्टेशनाकडे पाहून हात जोडणारी म्हातारी माणसे आमच्या गल्लीतही होती. त्या उन्हाळ्यात आमच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या मुलींपैकी एकीचे वडील गावाकडच्या बोअरचे पाणी कॅनमध्ये भरून मोटारसायकलला बांधून आणत. मुलीपुरते आणत नसत; जिन्याच्या तोंडाशी कॅन ठेवून 'बाई, समद्यांनी वापरा' म्हणत आणि चहा न घेता जात. शहराला टंचाई आली की खेड्याकडे धाव घेता येते, अशी सोय किती शहरांत आहे?

देणेघेणे उलट दिशेनेही झाले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतर लोक नुकतेच झोपले असताना, किल्लारीचा भूकंप झाला. त्याबद्दल खूप लिहिले गेले आहे, मी त्यात भर घालत नाही. एवढेच सांगते की उजाडल्यावर लातूरच्या गल्ल्यांमध्ये कोणी सांगण्याची वाट न पाहता भाकऱ्या थापल्या जाऊ लागल्या, कारण बहुतेकांचे कोणी ना कोणी औसा किंवा उमरगा तालुक्यात होते, आणि ज्यांचे कोणी नव्हते त्यांच्या घरातूनही पिठाचे डबे बाहेर आले.

आता विद्यार्थ्यांकडे येते, कारण आज लातूरची ओळख तीच झाली आहे. १९६१ चे दयानंद महाविद्यालय आणि १९७० चे राजर्षी शाहू महाविद्यालय यांनी पायाभरणी केली. शाहू महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे पुढे नांदेडच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले आणि नंतर लातूरकरांनी त्यांना नगराध्यक्षही केले. गुरुजींच्या हाती गाव सोपवावेसे ज्या गावाला वाटते, त्याविषयी माझ्यासारख्या शिक्षिकेला आपुलकी वाटली तर नवल नाही. 'लातूर पॅटर्न'चे गुणदोष सांगणारे पुष्कळ लेख आले आहेत. मला त्यातल्या टक्क्यांपेक्षा मुलांबरोबर येणारी माणसे महत्त्वाची वाटतात. परभणी, हिंगोली, यवतमाळपासूनची मुले इथे दोन वर्षांसाठी येतात. एकेका खोलीत तिघी-चौघी राहतात, मेसचा डबा सकाळ-संध्याकाळ येतो, डब्याच्या झाकणावर तैलरंगाने नाव लिहिलेले असते, आणि परीक्षा जवळ आली की तो डबा संध्याकाळपर्यंत न उघडलेला सापडतो. मग मला वर जाऊन ओरडावे लागते.

बापमंडळी मात्र सुगीत येतात. पहाटे पिकअपमध्ये सोयाबीन भरून बाजार समितीत आणायचे, सौदा झाला की हिशेबाची पट्टी घ्यायची, तिथून थेट शिकवणीची फीस भरायची आणि मग लेकीच्या खोलीवर यायचे, हा कित्येकांचा एका दिवसाचा कार्यक्रम असतो. बरोबर ज्वारीचे पीठ, लोणच्याची बरणी, शेंगदाण्याची चटणी. एकदा एक गृहस्थ बाजारातून आले ते पायरीवरच बसले. भाव फार पडला होता. मी पाणी दिले, तेव्हा मुलीला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले, "बाई, भावाचं जाऊ द्या. लेकराला सांगू नका, तिचं ध्यान उडंल." मुलगी वर रसायनशास्त्राची उजळणी करत होती. आता ती डॉक्टर आहे. सगळ्यांच्या मुली डॉक्टर होत नाहीत, हेही मी पाहिले आहे; त्या मुलींच्या बापांनाही मी याच पायरीवर चहा दिला आहे.

याच संदर्भात या शहरातली मला न आवडणारी गोष्ट सांगून टाकते. निकाल लागला की चौकाचौकांत गुणवंतांच्या चेहऱ्यांचे अवाढव्य फलक उभे राहतात. ज्या मुलाला यश मिळाले नाही त्याने चहा प्यायला तरी कोणत्या रस्त्याने जावे? सतरा-अठरा वर्षांच्या पोरांना वर्षभर या फलकांखालून ये-जा करायला लावणे मला निष्ठुरपणाचे वाटते. फलक निम्म्यावर आले तरी कोणाचा प्रवेश कमी होणार नाही, आणि झाला तर होऊ द्यावा.

खाण्यापिण्याविषयी थोडक्यात. सकाळी गाड्यावर मुरमुऱ्यांचा सुशीला मिळतो, रात्री निलंगा राईस मिळतो, घरोघरी धपाटे होतात. मसालेदार लागते, पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी येते, आम्हाला त्याचे काही वाटत नाही.

आता ज्या दिवसासाठी मी लातूर कधीही सोडणार नाही, त्या दिवसाकडे येते. वेळामावस हा सण लातूर-धाराशिवकडे आणि शेजारच्या कर्नाटकाच्या सीमेवर जसा होतो तसा इतरत्र क्वचितच दिसतो. डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास येणाऱ्या या अमावास्येला जिल्ह्यात स्थानिक सुट्टी असते आणि सकाळी दहानंतर लातूर शहर अक्षरशः रिकामे होते. दुकानांची शटर खाली, रिक्षा नाहीत, गोलाईत एरवी पाय ठेवायला जागा नसते तिथे कुत्री ऊन खात पडलेली. आपल्या वार्ताहरांचा 'अघोषित संचारबंदी' हा शब्द दरवर्षी ठरलेला असतो. सारे शहर शेतात गेलेले असते.

तयारी आदल्या रात्रीपासून चालते. आमच्या घरी मध्यरात्रीनंतर कोणी झोपत नाही. भज्जीसाठी तुरीचे ओले दाणे, सोलाणे, वाटाणे, पावटे, भुईमुगाचे दाणे निवडायचे, मेथी, चुका, हरभऱ्याची कोवळी भाजी चिरायची, चिंचेचा कोळ काढायचा आणि डाळीचे पीठ लावून ते सगळे मोठ्या पातेल्यात रटरटत ठेवायचे. ज्वारीच्या पिठाची आणि ताकाची आंबील आधीच आंबायला ठेवलेली असते. तिला लसूण, मिरची, कोथिंबीर वाटून लावली की घरभर वास सुटतो. बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, तिळाच्या पोळ्या. आंबिलीचे मातीचे बिंदगे कोणाच्या डोक्यावर द्यायचे यावरून लहान मुलांत भांडण ठरलेले. शेतात कडब्याची कोपी केलेली असते, आत चुन्याने रंगवलेले पाच पांडव मांडलेले असतात. पूजा होते, पिकात आंबील शिंपडत शेताला फेरी होते, आणि मग हरभऱ्याच्या वाफ्याकडेला पंगत बसते. आंबिलीने जडावलेली माणसे दुपारी जांभळाखाली किंवा आंब्याखाली आडवी होतात. संध्याकाळी पेटता हेंडगा, म्हणजे मशाल, घेऊन पोरे बांधावरून पळतात.

या दिवसाचा नियम असा, की ज्याला शेत नाही त्याने दुसऱ्याच्या शेतात जायचे आणि शेतवाल्याने जितकी माणसे मिळतील तितकी न्यायची. बँकेचा बदलीवर आलेला साहेब, परप्रांतातून आलेला फर्निचरवाला, पोलीस ठाण्यातले कर्मचारी, शेजारचे मुसलमान कुटुंब, सर्वांना चार-चार ठिकाणची आमंत्रणे असतात आणि कोणाचे मोडायचे ही पंचाईत असते. आमंत्रणाशिवाय वाटेने जाणाऱ्याला हाक मारून पानावर बसवतात.

आणि नेमके याच दिवशी, संपादक महोदय, या शहरात काही हजार मुले उपाशी असतात. मेस बंद, हॉटेल बंद, टपऱ्या बंद. घरमालक कुलूप लावून शेतात गेलेला. बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेल्या मुलांना या सणाची कल्पना नसते. ती दुपारी एक वाजता रस्त्यावर येतात आणि बिस्किटाचा पुडासुद्धा मिळत नाही म्हणून परत फिरतात. आमच्या घरातल्या मुलींना आम्ही पहिल्यापासून बरोबर नेतो, पण मागच्या वेळी परतताना खाडगाव रोडला दोन मुले एका बंद हॉटेलच्या पायरीवर पुस्तक उघडून बसलेली दिसली. आमच्या भांड्यात उरलेली भज्जी आणि उंडे त्यांना दिले. ती कुठल्या गावची आहेत हे विचारल्यावर त्यांनी यवतमाळकडचे नाव सांगितले, आणि सकाळपासून त्यांना कोणीही विचारले नव्हते.

म्हणून विनंती अशी. वेळामावस जवळ आली की आपल्या दैनिकाने आठवडाभर आधी एक छोटी चौकट छापावी. ज्या घरमालकांनी मुलांना खोल्या भाड्याने दिल्या आहेत त्यांनी आपापल्या भाडेकरू मुलांना शेतात न्यावे. ज्यांना शेत नाही त्यांनी नातेवाइकांच्या शेतात जाताना बरोबर घ्यावे, पाहुण्याचा पाहुणा आमच्याकडे कोणाला जड होत नाही. वसतिगृहांच्या चालकांनी आदल्या दिवशी मुलांची नावे लिहून घ्यावीत आणि गावोगावच्या पालकांपैकी ज्यांची शेती शहरापासून दहा-पंधरा किलोमीटरवर आहे त्यांना कळवावे. पिकअप रिकाम्या परत जातात त्या याच कामी लागतील. परीक्षा तोंडावर असल्याने ज्यांना यायचे नसेल त्यांच्यासाठी मेसवाल्यांनी आदल्या रात्री धपाटे आणि चटणी बांधून ठेवावी, ती दुसऱ्या दिवशी सहज टिकते. मुलींना नेताना सोबत घरातली बाईमाणूस असावी आणि दिवेलागणीच्या आत त्यांना खोलीवर पोहोचवावे, एवढी काळजी घेतली की पालकांनाही घोर राहणार नाही.

आमच्या शेतात वीस-पंचवीस मुलांची पंगत बसेल एवढी जागा आहे आणि पातेले मोठे आहे. आपल्या कार्यालयाकडे कोणी चौकशी केल्यास माझा पत्ता जरूर द्यावा.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
लातूर